चौधरी बाई आणि वंदनाचे हात

चौधरी बाईंनी मला पहिल्याच भेटीत मिशी कापायला सांगितली. ओळख ना पाळख. मी सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत नुकताच रुजू झालो होतो. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत एका ट्रस्टने बहिऱ्या आणि ‘मागे पडलेल्या’ मुलांसाठी वर्ग काढला होता, त्या वर्गाच्या या बाई. मधल्या सुट्टीत मी खडू मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी खडू दिले नाहीत. माझ्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाल्या, “सर, तुमचा वरचा ओठ कुठे आहे?”

मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. मग त्यांनीच समजावलं. त्यांची मुलं कानाने ऐकत नाहीत, ओठ पाहून ऐकतात. ती दिवसभर माझ्या वर्गावरून जा-ये करणार, मी त्यांना काही बोलणार, आणि तेव्हा त्यांनी काय वाचायचं, झुडूप? मी तणतणत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं कोणीतरी बोललं. झालं, दुसऱ्या दिवशी मिशी छाटली.

पुढे कळलं की मी एकटा नव्हतो. शाळेच्या शिपायाची मिशी गेली होती, दारातल्या कुल्फीवाल्याची गेली होती. कोणाचं मूल बाईंच्या वर्गात आहे हे त्या काळी बापाच्या मिशीवरून ओळखू यायचं. आमच्या खानदेशी माणसाचा अर्धा रुबाब मिशीत असतो. गाव सोडून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आला तरी तो मिशी सोबत घेऊन येतो. पण बाईंपुढे कोणाची टाप नव्हती.

बाई मूळच्या यावलकडच्या. बुटक्या, सावळ्या, चालणं घाईचं. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बोलताना त्या कधी कोणाकडे पाठ करायच्या नाहीत. वर्गातून ऑफिसात जाताना कोणाशी बोलणं चालू असेल तर उलट्या चालायच्या. दोनदा पाण्याच्या मडक्यावर आपटल्या, पण सवय सुटली नाही. भाजीवालीशी सुद्धा प्रत्येक शब्द ओठांवर कोरून बोलायच्या. नवी भाजीवाली असली तर तिला वाटायचं ही बाई आपल्याला बहिरी समजते, आणि ती चिडून भाव वाढवायची.

कांदा त्यांनी सोडला होता. उपासतापास म्हणून नाही. मुलांना दिवसभर तोंडाजवळ घ्यायचं, त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवायची, तर तोंडाला वास नको. यावलकडच्या बाईने भरीत-भाकरीसोबत कांदा न खाता राहणं म्हणजे काय, हे इतरांना नाही कळायचं. आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की त्या खिडकीशी जाऊन बसत आणि वेलदोडा चघळत. त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्याला नेहमी मुलांच्या बोटांचे मळके ठसे असत.

उत्तरायण, म्हणजे तिकडची पतंगांची संक्रांत, झालं की बाई मुलांना फाटक्या पतंगांचा कागद गोळा करायला पिटाळत. त्या कागदाच्या पट्ट्या वर्षभर पुरत. पट्टी ओठांसमोर धरायची आणि ‘प’ म्हणायचं. पट्टी उडाली की ‘प’ आला. ‘ब’ला थोडी कमी उडते, ‘म’ला हलतच नाही. एकेका अक्षरासाठी आठवडेच्या आठवडे जात. एखाद्या पोराची पट्टी पहिल्यांदा उडाली की बाई अख्ख्या शाळेला पेढे वाटत, आणि आम्ही तासाच्या मध्येच पेढे खात बसायचो.

त्यांच्या वर्गाचा एकच कायदा होता. हातवारे करायचे नाहीत. मुलं बसली की हात मांडीवर. कोणी खुणेने पाणी मागितलं तर पाणी मिळत नसे. ‘पा’ इतका तरी आवाज यायला हवा. त्या म्हणत, “हात बोलायला लागले की जीभ झोपते.” आयांनाही ताकीद होती. घरात अहिराणी नको, पुस्तकातली मराठी बोला, पोराला दोन-दोन भाषांचे ओठ कसे वाचता येणार? त्यामुळे लिंबायतच्या गल्लीत चूल फुंकणारी आई आपल्या पोराला “तुला पाणी हवे आहे का?” असं विचारताना ऐकू यायची. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कोणी साहेब पाहुणा आलाय.

यावरून बाई आडमुठ्या होत्या असं कोणाला वाटेल. होत्याच. पण मूल ओळखावं तर त्यांनी. आमच्या चौथीत दिलीप नावाचा मुलगा होता. त्याला एक ओळ धड वाचता येत नसे. हेडमास्तरांनी त्याला मंद ठरवून बाईंच्या वर्गात पाठवून दिलं. बाईंनी त्याला आठवडाभर ठेवून घेतलं आणि मग हाताला धरून परत हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभं केलं. म्हणाल्या, “मंद दिवा असतो साहेब, पोर नसतं. याला गणित तोंडी घाला.” हेडमास्तरांनी घातलं. साडीचं, मीटरचं, नफ्यातोट्याचं. गणित सांगून संपायच्या आत पोराचं उत्तर तयार. कागदावरची अक्षरं मात्र त्याच्या डोळ्यांपुढे उलटीसुलटी व्हायची. बुद्धी तल्लख होती आणि तिची वाटच अडली होती.

बाई हट्टाला पेटल्या की याचा पेपर कोणीतरी वाचून दाखवावा. हेडमास्तर म्हणाले, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? बाई महिनाभर रोज त्यांच्या ऑफिसात जाऊन बसल्या. अखेर पेपर वाचून दाखवला गेला, दिलीप गणितात वर्गात पहिला आला, आणि हेडमास्तर सगळ्यांना सांगत सुटले की पोरगं हुशार आहे हे मी आधीच ओळखलं होतं. बाई नुसत्या हसल्या. त्यांना श्रेयाशी घेणं नव्हतं. एका मुलाच्या अंगात उणं आणि अधिक दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे त्या काळात आमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं. बाईंना कळत होतं. म्हणूनच वंदनाचं जे झालं ते आठवलं की जास्त वाईट वाटतं.

वंदना देवराम पाटलाची मुलगी. जन्मापासून बहिरी. देवराम लूमवर बारा-बारा तासांच्या पाळीत काम करायचा. ती बाईंच्या वर्गात आली तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. वर्गात ती ठोंब्यासारखी बसून असे. पट्टी उडवायला सांगितली की डोळे मोठे करून बाईंच्या तोंडाकडे बघत राही. ट्रस्टच्या लोकांनी तिच्या नावापुढे कानासोबत बुद्धीचंही उणं लिहून टाकलं होतं. बाईंना ते पटत नव्हतं, पण पुरावा नव्हता. देवरामला भेटायला बोलावलं तर त्याला पाळीतून सुट्टी मिळेना. एक दिवस बाई मला म्हणाल्या, चला, आपणच जाऊ त्याच्या खात्यात. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात.

खात्यात शिरलं की पहिल्यांदा कान बंद होतात. ओळीने लूम धडधडत असतात. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ येतोय, तुझ्या सासऱ्याची तब्येत कशी आहे, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी आणि भुवयांनी चालतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. नवा माणूस महिन्याभरात शिकतो. मी अशी खाती आधी पाहिली होती, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

दारात वंदना उभी होती. बापाचा डबा घेऊन आली होती आणि सगळं खातं तिच्याकडे बघत होतं. ती हातांनी काहीतरी सांगत होती, इतक्या झरझर की माझी नजर पुरेना. मग तिने हवेत एक पट्टी धरली, मान ताठ केली, ओठ ताणून ‘प’ काढला, आणि उलटी चालत जाऊन एका रिकाम्या बॉबिनच्या खोक्यावर आपटली. ती चौधरी बाई करत होती. पदर सावरणं, वेलदोडा चघळणं, पोराच्या हनुवटीला धरून मान वर करणं, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. माणसं लूमला टेकून हसत होती. देवराम डोळे पुसत होता आणि मध्येच हातांनी तिला काहीतरी विचारत होता. ती उत्तर देई की पुन्हा हशा. हशा ऐकू येत नव्हता, नुसता दिसत होता.

मग तिला बाई दिसल्या. तिचे हात तिथल्या तिथे खाली आले.

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या हसत होत्या. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाल्या, “पवार सर, इतकी हुशार मुलगी मी आजवर पाहिली नाही. एकदा बघते आणि सगळं उचलते.” फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात त्या विचारात पडल्या. फाटक उघडल्यावर म्हणाल्या, “म्हणजे सगळी बुद्धी हातात चाललीय. तिथली वाट बंद केली, तर तोंडात उतरेल.”

दुसऱ्या कोणाला असं सुचलं नसतं. ज्या बाईंनी दिलीपची अडलेली वाट सोडवली, त्यांनाच वंदनाची मोकळी वाट अडथळा वाटली. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. त्यांना तेच शिकवलेलं होतं, आणि आपलं शिक्षण त्यांनी कांदा सोडण्याइतकं मनापासून घेतलं होतं.

त्यांनी देवरामला रविवारी बोलावलं आणि सांगितलं की पोरीशी हातांनी बोलायचं नाही. घरात, रस्त्यात, खात्यात, कुठेच नाही. तिला खात्यात डबा घेऊन पाठवायचं नाही. देवराम बाईंना देवाखालोखाल मानत होता. दिवसभर हातांनी बोलणारा तो माणूस घरी आला की हात मांडीखाली दाबून बसू लागला. त्याच्या बायकोने मला एकदा सांगितलं की पोर सुरुवातीला त्याचे हात ओढून बाहेर काढायची, तो पुन्हा दाबायचा, आणि ती रडायची. बाईंनी त्याबद्दलही सांगून ठेवलं होतं की रडेल, चार दिवस दम धरा.

दम धरल्याचं फळ मिळालं. वंदना बोलू लागली. आधी ‘पा’, मग ‘पाणी’, मग ‘बाबा’. वर्ष-दीड वर्षात वाक्यं आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती स्टेजवर उभी राहिली आणि म्हणाली, “नमस्कार. माझे नाव वंदना देवराम पाटील. मला शाळा आवडते.” आवाज नाकातून यायचा, सपाट, पण शब्द सगळे कळत होते. ट्रस्टच्या मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. देवराम पहिल्या रांगेत ढसाढसा रडला. बाईंना त्या दिवशी जितकं सुखात पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही.

नंतर ती आमच्याकडे पाचवीत बसू लागली. पहिल्या बाकावर, ओठांकडे डोळे लावून. तिला नंबर मधलाच मिळे. फळ्याकडे तोंड करून बोलणारे गुरुजी असले की अर्धा तास तिच्या हातून निसटायचा. पण तक्रार नाही, दंगा नाही, मस्करी नाही. आमचे सगळे तिला ‘शांत, गुणी मुलगी’ म्हणत. एकदा बाईंच्या समोर कोणी तसं म्हणालं तर बाई एकदम तोडून बोलल्या, “ती गुणी नव्हती हो. चांगली अवली होती.” तेव्हाच त्यांच्या मनात काहीतरी सलायला लागलं असावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत देवराम शाळेत आला. पाळी बदलली होती म्हणून दुपारचा मोकळा होता. बाईंना पेढे दिले, पोरीचं कौतुक केलं, आणि निघता निघता दाराशी थबकला. जमिनीकडे बघत म्हणाला, “बाई, पोर बोलाले शिकनी. पन आते मनासंगे बोलस नही.”

बाईंनी विचारलं, म्हणजे काय? तो अडखळत सांगू लागला. पूर्वी ती त्याला दिवसभराचं सगळं सांगायची. कोण कोणाशी भांडलं, कुत्र्याने कोणाची चप्पल नेली, शेजारीण कशी चालते. त्याला घरी यायला उशीर झाला तरी ती जागी राहायची आणि हातांनी सांगत सुटायची. आता ‘बाबा जेवण’, ‘बाबा वही पाहिजे’, ‘बाबा या’. तेही स्पष्ट, पण तेवढंच. त्याचं अहिराणी बोलणं तिला ओठांवर कळत नव्हतं आणि पुस्तकी मराठी त्याला येत नव्हती. तक्रार म्हणून तो सांगत नव्हता. हे असंच असतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

बाई त्याला शाळेच्या दारापर्यंत पोचवून आल्या. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या की त्या पोरीला मी तोंड दिलं आणि तिचं बोलणं काढून घेतलं. मी म्हणालो, असं काय बोलता, अख्खी शाळा तुमचं नाव घेते. त्या म्हणाल्या, शाळा बहिरी नाही, म्हणून घेते.

मग त्या कामाला लागल्या. हे त्यांच्यासारख्यांनाच जमतं, एका हट्टातून उठून दुसऱ्या हट्टाला लागणं. सुट्टीच्या दिवशी त्या खात्याच्या दारात जाऊन उभ्या राहत आणि चहाच्या वेळी कामगारांकडून हातांच्या खुणा शिकत. स्टाफरूममध्ये त्या आमच्यावर सराव करायच्या. पन्नाशी उलटलेल्या बाईंची बोटं काही वळेनात. चहा सांगायला गेल्या की धागा तुटला असं होई. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. आपल्या वर्गात त्यांनी हात मांडीवरून काढायला परवानगी दिली. ट्रस्टच्या लोकांना ते रुचलं नाही. पाहुणे आले की त्यांना बोलणारी मुलं दाखवायची असत.

एका संध्याकाळी त्या मला घेऊन देवरामच्या खोलीवर गेल्या. चहा झाला. वंदना समोर बसली होती, आता अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. बाईंनी देवरामला सांगितलं, बोला तिच्याशी, पूर्वीसारखं. तो लाजला. मग त्याने हात वर केले आणि त्या दिवशी खात्यात काय झालं ते सांगू लागला. शेठचं पोट, खात्यातल्या मास्तरची चाल, काहीतरी सांडलं, कोणीतरी घसरलं. मला सुद्धा हसू आलं.

वंदना हसली नाही. तिने आधी बाईंकडे पाहिलं, घाबरून. मग पुढे सरकली, बापाचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या मांडीवर नेऊन ठेवले. वर थोपटलं, वर्गातल्या लहान पोरांना बाई थोपटत तसंच. आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “बोला.”

बाईंनी स्वतःचे हात पुढे केले, शिकलेल्या चार-दोन खुणा करून पाहिल्या. पोरीने मान खाली घातली. तिला त्या हातवाऱ्यांची लाज वाटत होती. शेजारची माणसं दारातून बघत होती, आणि आपण बोलणारी मुलगी आहोत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, “देवराम, माझं चुकलं.”

“नही बाई,” तो म्हणाला. “तुम्ही पोरले तोंड दिधं. कोन देस?”

त्याने हे मनापासून म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं असं मला वाटतं. परत येताना त्या माझ्याकडे तोंड न करता सरळ पुढे बघत चालल्या.

दोन-तीन वर्षांनी बाईंनी नोकरी सोडली. ट्रस्टशी पटेनासं झालं होतं आणि यावलला भाऊ आजारी होता. त्या दुपारच्या भुसावळच्या गाडीने निघाल्या. आम्ही दोघं-तिघं शिक्षक पोचवायला गेलो होतो. देवरामही आला होता, वंदनाला घेऊन. ती आता उंच झाली होती, ओढणी नीट पिन केलेली. बाई खिडकीशी बसल्या. त्यांनी गजांतून हात काढून पोरीचा गाल कुरवाळला आणि काहीतरी विचारलं, कोरीव ओठांनी, सवयीने. बहुधा अभ्यासाचं असावं.

तेवढ्यात गाडी हलली आणि इंजिनाने लांबलचक भोंगा दिला. नेमकी त्याच वेळी वंदना बोलायला लागली. खिडकीचा गज धरून, गाडीबरोबर चालत ती बोलत होती. एक-दोन शब्द नव्हेत. तिला मी कधी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. तिचे ओठ भराभर हलत होते, मान हलत होती, डोळे भरून आले होते. भोंगा वाजतोय हे तिला कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या बाजूलाच होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाईंनाही आलं नसणार. त्यांनी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही, पण तिच्या त्या घाईच्या बोलण्यातून त्यांना काय मिळालं असेल, कोण जाणे. त्या मान डोलवत राहिल्या. हो, हो म्हणत राहिल्या. फलाट संपला, पोरीने गज सोडला, आणि बाईंचा चेहरा खिडकीत लहान होत गेला. ते मी त्यांना शेवटचं पाहिलं.

आम्ही परत फिरलो. देवराम पोरीच्या बाजूने चालत होता. जिन्यापाशी तो थांबला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बाईंनी शिकवलं होतं तसं एकेक शब्द ओठांवर मांडत, पुस्तकातल्या मराठीत त्याने विचारलं, “तू बाईंना काय सांगितले?”

वंदनाने बापाचे ओठ वाचले.

“काही नाही, बाबा,” ती म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होते.